आयुष्याची वंशावळ कशी लिहावी

कोल्हापूर जिल्ह्यात, आणि तेथून दक्षिणेस निपाणी-बेळगावच्या बाजूला, सुगी संपता संपता बैल घेऊन गावात येणारा हेळवी आजही काही घरांच्या ओसरीवर आपले बाड उलगडतो; त्या घराचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याला मुलगे किती आणि त्यांच्या शाखा कोठे कोठे पसरल्या, हे सारे एका दमात म्हणून दाखवतो आणि धान्याची बिदागी घेऊन पुढच्या गावाला जातो. कुळाचा सारा विस्तार त्या बाडात असतो. कोण किती वर्षे जगला आणि कशाने गेला, हे मात्र त्यात नसते. आणि मानवी वार्धक्य व दीर्घायुष्य यांच्या आनुवंशिकीचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ गेली काही दशके नेमका हाच कोरा राहिलेला रकाना भरण्याच्या खटपटीत आहेत.

त्यांच्या संशोधनाचा आवश्यक तेवढाच गोषवारा देऊन, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराण्याची आयुष्याची वंशावळ स्वतः कशी तयार करावी, ती कशी वाचावी आणि तिच्यावरून कोणती पावले उचलावीत, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. सामान्य संसारी माणसाला जनुकशास्त्रापासून आज जो काही प्रत्यक्ष लाभ होण्यासारखा आहे, त्याचा फार मोठा हिस्सा घरातल्या वडीलधाऱ्यांना वेळीच विचारलेल्या दहा-पाच प्रश्नांत सामावलेला आहे, अशी माझी पक्की धारणा आहे. आणि ज्यांना हे प्रश्न विचारायचे ती माणसे ऐंशी-नव्वदीच्या घरात असल्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

प्रथम एका गैरसमजाचा परामर्श घेतला पाहिजे. ‘आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी गेलेले नाही’ असे अभिमानाने सांगून रक्तदाबाची गोळी टाळणारी माणसे आपल्या सर्वांच्या परिचयात असतात, आणि ‘वडील बावन्नाव्या वर्षी गेले, आमचीही मजल तेवढीच’ असे मनाशी धरून पन्नाशीलाच हातपाय गाळणारीही असतात. दोघांचाही हिशेब चुकीचा आहे, हे ज्याला पटवून घ्यायचे असेल त्याने कर्वे घराण्याकडे पाहावे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले आणि वयाची १०४ वर्षे पूर्ण करून ९ नोव्हेंबर १९६२ रोजी निवर्तले. महाराष्ट्रातील दीर्घायुष्याचे इतके निःसंशय आणि तारीखवार उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. त्यांचे थोरले चिरंजीव, संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचलेले रघुनाथराव, १८८२ साली जन्मले आणि १९५३ साली, एकाहत्तर वर्षांचे असताना, म्हणजे वडिलांच्या आधी नऊ वर्षे, वारले. रघुनाथरावांच्या मातोश्री राधाबाई १८९१ साली ऐन तारुण्यात बाळंतपणात गेल्या. त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीत किती आयुष्य होते हे कळण्याचा मार्गच त्या एका प्रसंगाने कायमचा बंद झाला. मुलाला बापाची निम्मी जनुके मिळतात आणि आईची निम्मी. ती कोणती निम्मी, हे प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने ठरते, आणि त्यावर पुढे परिस्थितीचे, आहाराचे, व्यसनांचे व अपघातांचे थर चढत जातात. एका पूर्वजाच्या वयावरून वंशजाचे वय वर्तवणे हे म्हणूनच सर्वथा अशास्त्रीय होय.

तरीही रक्ताचा वाटा मुळीच नाही, असे नाही. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्या भावंडांच्या अडीच हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेली हुबेहूब जुळी आणि केवळ एकत्र जन्मलेली साधी जुळी यांच्या आयुष्यांची तुलना करून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग आनुवंशिक आहे. पुढे २०१८ साली अमेरिकेत कोट्यवधी माणसांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, तेव्हा हा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली उतरला. त्या तपासणीतून एक मोठी उद्बोधक गोष्ट बाहेर आली: केवळ सख्ख्या भावंडांचीच नव्हे, तर रक्ताचा कसलाही संबंध नसलेल्या व्याही-मेहुण्यांचीही आयुष्ये एकमेकांशी काही अंशी जुळत होती, कारण माणसे सोयरीक करतात ती आपल्यासारख्याच ऐपतीच्या, शिक्षणाच्या आणि राहणीच्या घराशी, आणि ऐपत, शिक्षण व राहणी यांचा आयुष्यावरचा परिणाम वरवर पाहणाऱ्याला आनुवंशिकच भासतो. अगदी अलीकडे इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी अपघात, साथीचे रोग अशा बाहेरून ओढवणाऱ्या मृत्यूंचा प्रभाव गणिताने वेगळा काढून पुन्हा मांडणी केली, आणि त्यांच्या मते उरलेल्या, शरीराच्या आतल्या झिजेने येणाऱ्या मरणात रक्ताचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो.

हे आकडे परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. जेथे प्लेग आणि पटकी माणसांना सरसकट ओढून नेतात तेथे जनुकांना आपला प्रभाव दाखवण्याची संधीच मिळत नाही. जेथे अशी मरणे आटोक्यात येतात, तेथे तो प्रभाव उघडा पडू लागतो. अमेरिकेतील बॉस्टन येथे टॉमस पर्ल्स यांनी १९९५ पासून शंभरी गाठलेल्या माणसांचा जो अभ्यास चालवला आहे, त्यात शतायुषी माणसाच्या भावाला शंभरी गाठण्याची शक्यता इतरांच्या किमान सतरापट आणि बहिणीला किमान आठपट आढळली. व्यवहारापुरता निष्कर्ष असा की, सत्तरी-ऐंशीपर्यंतची वाटचाल बव्हंशी आचरण आणि परिस्थिती यांच्या स्वाधीन असते. त्यापुढच्या शंभरीच्या दुर्मीळ मजलेत मात्र रक्ताचा हात मोठा असतो. ज्याच्या आजीने पंच्याण्णवी पाहिली त्याने त्याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु त्या भरवशावर तंबाखू खाऊ नये.

निसर्गाने वार्धक्य मुळात ठेवलेच का, या प्रश्नाचे उत्तर समजले की वंशावळीत काय शोधायचे ते आपोआप उमगते. आयुष्याची अखेरची वर्षे भारताचे नागरिक म्हणून येथेच व्यतीत करणारे जे. बी. एस. हाल्डेन यांनी असे निदर्शनास आणले होते की, जो आनुवंशिक रोग मुलेबाळे होऊन गेल्यावर प्रकट होतो, तो निसर्गाच्या निवडीला अडवता येत नाही, कारण तो प्रकट होण्यापूर्वीच पुढच्या पिढीत उतरलेला असतो. १९५२ साली पीटर मेडावर यांनी हा विचार विस्ताराने मांडला आणि १९६६ साली विल्यम हॅमिल्टन यांनी त्याला गणिताची बैठक दिली. कुळकर्ण्याच्या दप्तराची पहिली पाने तपासनीस काटेकोरपणे पाहतो आणि अखेरची पाने न उलगडताच सही करतो असे समजा, म्हणजे तारुण्यातले दोष का चाळले जातात आणि उतारवयातले दोष का साचत जातात, हे ध्यानात येईल. मात्र हॅमिल्टन यांच्या गणिताप्रमाणे स्त्रीच्या ऋतुनिवृत्तीनंतर, म्हणजे पन्नाशीच्या सुमारास, ही तपासणी पूर्णपणे थांबायला हवी होती, आणि माणसे तर त्यानंतरही तीस-चाळीस वर्षे जगतात. या कोड्याचे एक उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील श्रीपाद तुळजापूरकर यांनी दिले आहे. आडनावावरूनच मराठी वाचकाला आपला वाटावा असा हा लोकसंख्येच्या गणिताचा अभ्यासक आपल्या वर्तमानपत्रांत फारसा दिसत नाही, याचे वाईट वाटते. त्यांनी सेड्रिक प्युलस्टन व मायकेल गर्वन यांच्यासह २००७ साली लिहिलेल्या निबंधात असे दाखवले की, आदिम समाजांत पुरुष आपल्याहून लहान वयाच्या स्त्रियांशी संसार करून पन्नाशीनंतरही बाप होत राहतात. त्यामुळे त्या वयात मारक ठरणाऱ्या जनुकांची छाटणी चालू राहते, आणि ही छाटलेली जनुके मुलींनाही मिळत असल्याने त्याचा लाभ स्त्रियांच्या आयुष्यालाही होतो.

उशिरा उगवणाऱ्या दोषाचे भारतीय उदाहरण हवे असेल तर तेही आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील के. थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांची गळती असलेली माणसे भारतात शंभरात सुमारे चार आहेत; तरुणपणी त्यांना बहुधा काही जाणवत नाही, आणि वय वाढल्यावर हृदय दुबळे होण्याचा धोका मात्र कैकपटींनी वाढतो. घराण्यात चाळिशी-पन्नाशीनंतर एकामागून एक हृदयाने गेलेली माणसे असणे ही गोष्ट म्हणूनच नशिबाच्या खाती टाकून मोकळे होण्यासारखी नसते.

मग सरळ जनुकांचीच तपासणी का करून घेऊ नये, असे कोणी विचारील. १९९३ साली सिंथिया केनियन यांनी एका सूक्ष्म कृमीतील एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुपटीवर नेले, तेव्हापासून ‘आयुष्याचे जनुक’ हा शब्द जाहिरातींच्या तोंडी बसला आहे. पण जेमतेम दोन-तीन आठवडे जगणाऱ्या कृमीची गोष्ट वेगळी आणि माणसाची वेगळी. माणसात दीर्घायुष्याशी वारंवार संबंध आढळलेली जनुके बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हवाईतील जपानी वंशाच्या वृद्धांमध्ये २००८ साली लक्षात आलेले फॉक्स-ओ-थ्री हे एक, आणि ज्याचा एक प्रकार स्मृतिभ्रंशाचा व हृदयविकाराचा धोका वाढवतो ते ए-पी-ओ-ई हे दुसरे. बाकीची शेकडो जनुके प्रत्येकी इतका किंचित परिणाम करतात की त्यांची बेरीज करून एका व्यक्तीचे आयुष्य सांगता येत नाही. शिवाय ही बेरीज बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेली आहे. भारतीयांच्या दहा हजार जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली तीच मुळी २०२५ च्या जानेवारीत. तेव्हा लाळेची कुपी टपालाने पाठवून ‘आपण किती वर्षे जगाल’ किंवा ‘आपले जैविक वय काय’ हे सांगणाऱ्या तपासण्यांवर आपल्या वाचकांनी पैसे घालू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. विशिष्ट रोगाचा सबळ संशय असेल तेव्हा, तज्ज्ञ डॉक्टरांनी नेमकी नावानिशी सांगितलेली जनुकतपासणी ही निराळी बाब असून ती अवश्य करावी. आणि तो सबळ संशय उत्पन्न होतो तो घराण्याच्या हकिकतीवरूनच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वंशावळ तीन पिढ्यांची असावी: आपण व आपली भावंडे, आई-वडील व त्यांची भावंडे, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. याची उत्तम सुरुवात पितृपक्षात होते, कारण म्हाळाच्या दिवशी घरात गेलेल्या माणसांची नावे घेतली जातात, त्यांची तिथी माहीत असणारी वडीलधारी मंडळी एकत्र येतात, आणि मरणाविषयी बोलणे त्या दिवशी कोणाला अशुभ वाटत नाही. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर मातामहांचाही उच्चार होतो, ही आपल्या परंपरेची दूरदृष्टी समजावी. हेळव्याच्या बाडात मात्र मुलीची नोंद बहुधा नसते, आणि आपली स्मरणशक्तीही त्याच वळणाची झालेली आहे. बहुतेकांना चुलत पणजोबांचे नाव येते, पण आईच्या आईचे माहेरचे नाव येत नाही. जनुकांना हा भेद ठाऊक नाही. आईकडचा वाटा वडिलांकडच्या वाट्याइतकाच असतो, आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची जनुके तर केवळ आईकडूनच येतात. यास्तव वहीची अर्धी पाने आजोळासाठी प्रथमच राखून ठेवावीत, आणि आजोळी जाऊन मामा-मावश्यांना समक्ष विचारावे.

वयाच्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबू नये. थोर वयाचा अभिमान वय वाढवतो, आणि शाळेच्या दाखल्यातील तारीख तर आपल्याकडे सहस्रावधी माणसांची १ जून हीच असते, कारण नाव घालायला नेणाऱ्या वडीलधाऱ्याला खरी तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच लिहीत. अशा वेळी मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. राजर्षी शाहू छत्रपती १९२२ च्या मे महिन्यात निवर्तले, गांधीवधानंतरचे जळित १९४८ चे, कोल्हापूर संस्थान विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, आणि मोठा दुष्काळ १९७२ चा. ‘भूकंप झाला तेव्हा आजी हयात होत्या का, आणि त्यांची नातवंडे शाळेत जात होती का’ असे विचारले की वयाचा अंदाज पुष्कळच आटोपशीर होतो. रुजुवात करायची असेल तर गावचे कोतवाल बुक, म्हणजेच गाव नमुना १४, पाहावे. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात खेटे घातले आहेत त्यांना ते परिचित आहे. त्याच नोंदवहीत मृत्यूचीही नोंद असते आणि पुष्कळदा कारणही लिहिलेले असते. मूळ पुरुषाचे नाव, गाव आणि अंदाजे साल देऊन नकलेसाठी अर्ज करावा. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा जाणकाराकडून ती वाचून घ्यावी. शहरातील नोंदी महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात मिळतात.

मृत्यूच्या कारणाचा रकाना सर्वांत कठीण, आणि सर्वांत मोलाचाही. आपली माणसे रोगाचे नाव सांगत नाहीत, लक्षण सांगतात. ते जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि पुढे एक-दोन प्रश्न अधिक विचारावेत. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे बहुधा अर्धांगाचा झटका. रक्तदाबाची गोळी चालू होती का, हे विचारावे. ‘पाय काळा पडला, कापावा लागला’ असे कोणी सांगितले तर साखर होती का, किंवा विडीचे व्यसन होते का, हे पाहावे. ‘अन्न उतरेना झालं’ यामागे अन्ननलिकेचा कर्करोग असू शकतो. ‘पोटात पाणी झालं’ असेल तर यकृत बिघडले होते का, दारू होती का, पूर्वी कावीळ झाली होती का, हे विचारणे भाग आहे. ‘वाळत वाळत गेला’ या शब्दांत क्षय, मधुमेह आणि कर्करोग तिन्ही दडलेले असतात. ‘भ्रम झाला, घरचं माणूस ओळखेना’ हा स्मृतिभ्रंश होय, आणि तो कोणत्या वयात सुरू झाला हे महत्त्वाचे. ‘हार्टफेल’ हा शब्द तर प्रत्येक आकस्मिक मृत्यूला लावला जातो; त्या वेळी छातीत कळ आली होती का, घाम फुटला होता का, आदले काही दिवस चालताना दम लागत होता का, एवढे कळले तरी डॉक्टरांना पुष्कळ उमगते. सर्पदंश, विहिरीत पडणे, बाळंतपण, पटकी अशी मरणे वहीत लिहावीत, पण हिशेबात धरू नयेत. त्या माणसाचे नैसर्गिक आयुष्य किती होते याची साक्ष ती देत नाहीत.

वही तयार झाली की ती वाचण्याचे नियम थोडे आहेत. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत, अथवा आईला किंवा सख्ख्या बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोक्याचा इशारा मानून रक्तातील चरबी, साखर व रक्तदाब यांची तपासणी तिशीतच सुरू करावी. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, अथवा एकाच बाजूच्या दोघा-तिघांना आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना वही दाखवावी. जनुकतपासणी सार्थकी लागते ती येथे. एकच रोग एकाच बाजूला पुन्हा पुन्हा, आणि नेहमीपेक्षा कमी वयात, हे आनुवंशिकतेचे लक्षण होय. पंच्याऐंशीव्या वर्षी हृदयाने गेलेले आजोबा हे तसे लक्षण नव्हे.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. तीविषयी कोणाला दुखावण्याचा हेतू नाही, परंतु अशा विवाहात दोन्हीकडून एकच सुप्त दोष अपत्यात एकत्र येण्याचा संभव वाढतो. घराण्यात अशी लग्ने झाली असतील तर वहीत तशी खूण करावी, आणि लहानपणीच दगावलेल्या किंवा अपंग जन्मलेल्या मुलांची नोंद लपवू नये.

वंशावळीने धोका दाखवला तरी त्यावरचा उपाय बहुधा रोजच्या जगण्यातच असतो, आणि त्याबाबत आपल्या शेजारच्या पुण्यात झालेले एक संशोधन प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असावे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा अभ्यास आरंभला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ हलकी, स्नायूंनी किरकोळ, पण त्या मानाने चरबी राखून असलेली दिसली. वरून सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही देहयष्टी पुढे मधुमेहाला वाट करून देते, आणि ती घडते आईच्या पोटात, आईच्या पोषणावर. म्हणजे ज्याला आपण ‘घराण्यातली साखर’ म्हणतो, त्यातील काही भाग रक्तातून नव्हे तर एका पिढीच्या अर्धपोटी बाळंतपणातून दुसरीकडे गेलेला असतो. घरातल्या सुनेच्या गरोदरपणीचे दूध, डाळ, भाजी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या यांवर केलेला खर्च नातवंडांच्या साठीत फळाला येतो, हे सासू-सासऱ्यांनी विशेषतः लक्षात घ्यावे.

या देहयष्टीमुळेच वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर आपल्यासाठी अधिक बोलका आहे. शिंप्याची फीत घेऊन, श्वास सहज सोडून, बेंबीच्या पातळीवर उघड्या अंगावर घेर मोजावा. विजारीचे माप पाहू नये, कारण विजार पोटाखाली बांधली जाते. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. कोल्हापुरात एक विशेष धोका आहे, तो तालमीतून उतरलेल्या माणसांचा. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींनी या शहराला जे दिले त्याचे मोल करता येणार नाही. पण तिशीत लंगोट खुंटीला लागल्यावरही तूप, बदामाची थंडाई, मटण आणि कट्ट्यावरचे धारोष्ण दूध यांचा खुराक तसाच चालू राहतो, आणि चाळिशीत छाती पोटात उतरते. जोर-बैठका ज्या प्रमाणात कमी झाल्या त्या प्रमाणात खुराक कमी केलाच पाहिजे. उलट, ज्यांनी कधी तालीम पाहिली नाही अशा साठीपुढच्या स्त्री-पुरुषांनी मात्र थोड्या बैठका सुरू कराव्यात; रंकाळ्याभोवतीचे फिरणे हृदयाला उत्तम, परंतु मांड्यांचे बळ त्याने पुरेसे टिकत नाही, आणि हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठता येणे हे उतारवयातील स्वावलंबनाचे मोठे गमक आहे. मधुमेह्याने साखरेऐवजी गूळ घेतला तर चालतो ही समजूत गुळाच्या या पेठेत घरोघर आहे. गूळ आपला असला तरी रक्तातील साखर तोही वाढवतोच. आणि तंबाखूविषयी, मग तो निपाणीचा जर्दा असो, बायकांच्या दातांची मशेरी असो वा विडी असो, मला मधला मार्ग ठाऊक नाही: ती सोडावी. तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि मुखाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वंशावळीचे पान बरोबर घेऊन ती करून घ्यावी, आणि शंका निघाल्यास कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढावा.

आयुष्य वाढवण्याच्या गोळ्यांविषयी थोडेसेच. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध वार्धक्य लांबवते की काय, याचा शोध घ्यावा असे परदेशातील काही मान्यवर संशोधक म्हणतात, हे खरे. परंतु शोध घ्यावा असे म्हणणे आणि शोध लागणे यांत अंतर आहे. मधुमेह नसताना ते कोणीही आपल्या मनाने घेऊ नये. ज्यांना ते डॉक्टरांनी दिलेले आहे त्यांनी, विशेषतः शाकाहारी असतील तर, शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व अधूनमधून मोजून घ्यावे, कारण दीर्घकाळ घेतल्यास या औषधाने ते घटते.

वहीच्या प्रती काढून भावंडांना द्याव्यात, आणि सासरी गेलेल्या मुलींना न विसरता द्याव्यात. त्यांच्या मुलांच्या वहीतली अर्धी पाने तीच आहेत. कुटुंबाच्या डॉक्टरांना मात्र सारी वही देऊ नये, एका पानावर सारांश द्यावा: नाते, रोग, रोग सुरू झाला ते वय, मृत्यूचे वय. घरात कोणी रुग्णालयात निवर्तले तर दुःखाच्या त्या धावपळीतही एका जबाबदार माणसाने मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार ही प्रत जवळच्या नातलगाला देण्याची तरतूद आहे. त्या प्रमाणपत्रात मृत्यूचे निकटचे कारण वर आणि ज्यामुळे ते ओढवले ते मूळ कारण त्याखाली, असे ओळीने लिहिलेले असते. ते डॉक्टरांकडून मराठीत समजावून घ्यावे आणि वहीत खालची ओळ उतरवून घ्यावी.